सागरी व किनारी पर्यावरण : प्रादेशिक करार

एकाच समुद्राभोवती वसलेल्या राष्ट्रांनी त्या समुद्राचे व त्याच्या किनाऱ्याचे प्रदूषणापासून आणि ऱ्हासापासून रक्षण करण्यासाठी आपापसांत केलेले आंतरराष्ट्रीय करार. जगातील सर्व सागरांना लागू होणाऱ्या सार्वत्रिक करारांहून हे करार भिन्न असतात. बाल्टिक, भूमध्य समुद्र, इराणचे आखात यांसारख्या बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त जलाशयांत पाण्याची अदलाबदल मंद गतीने होते व एका देशाने टाकलेली घाण शेजाऱ्याच्या किनाऱ्याला लागते. अशा ठिकाणी सर्व जगाची संमती मिळेपर्यंत थांबणे परवडत नाही, हे या करारांमागील मूळ कारण होय. एक मूळ करार, तेलगळती किंवा भूमीवरून येणारे प्रदूषण अशा एकेका विषयावरचे पूरक करार आणि प्रत्यक्ष कामाचा कृती-आराखडा, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते.

या करारांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न समुद्राची हद्द जमिनीकडे कोठपर्यंत धरावयाची, हा आहे. आरंभीच्या करारांनी ती जहाजांपाशी थांबविली. पुढे ती नदीमुखापर्यंत व शेवटी नद्यांच्या उगमापर्यंत नेणे भाग पडले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रवास अपुरा राहिला आहे. त्याची साक्ष किनाऱ्यावर जितकी मिळते, तितकीच ती रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतही मिळते.

उगम : मार्च १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि त्यातील एक लाख टनांहून अधिक खनिज तेल समुद्रात पसरून ब्रिटन व फ्रान्स या दोन्ही देशांच्या किनाऱ्यांस लागले. त्यानंतर उत्तर समुद्राकाठच्या देशांनी १९६९ मध्ये बॉन येथे तेलप्रदूषणाच्या प्रसंगी परस्परांना साहाय्य करण्याचा करार केला. १९७१ मध्ये ‘स्टेला मॅरिस’ हे डच जहाज क्लोरीनयुक्त टाकाऊ रसायने समुद्रात ओतण्यासाठी रॉटरडॅमहून निघाले. ठिकठिकाणच्या लोकांनी व सरकारांनी विरोध केल्यामुळे त्याला माल तसाच घेऊन परतावे लागले. या घटनेतून फेब्रुवारी १९७२ चा ऑस्लो करार निघाला व जहाजे आणि विमाने यांतून समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्यावर ईशान्य अटलांटिकमध्ये निर्बंध आले. पण जहाजातून टाकावयाची तीच रसायने नळाने किंवा नदीवाटे सोडली, तर ऑस्लो करार त्यांना अडवू शकत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७४ मध्ये पॅरिस येथे भूमीवरून येणाऱ्या प्रदूषणाविषयी वेगळा करार झाला. पुढे हे दोन्ही करार एकत्र करून १९९२ चा ‘ऑस्पार’ करार तयार झाला आणि तो १९९८ मध्ये अंमलात आला.

मार्च १९७४ च्या हेलसिंकी कराराने बाल्टिक समुद्राकाठची सात राष्ट्रे एकत्र आली. त्यांत पूर्व व पश्चिम जर्मनी, सोव्हिएट रशिया आणि पोलंड हे शीतयुद्धाच्या दोन बाजूंचे देश होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. जमीन, जहाजे व हवा या तिन्ही वाटांनी येणारे प्रदूषण एकाच करारात आणण्याचा हा पहिला प्रयत्न होय. मात्र प्रत्येक राष्ट्राच्या अंतर्गत जलभागांना त्या वेळी करारातून वगळले होते.

भूमध्य समुद्र : जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर परिषद झाली आणि तिच्या शिफारशीनुसार संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम स्थापन झाला. या कार्यक्रमाने १९७४ मध्ये प्रादेशिक समुद्रांची योजना हाती घेतली व तिची पहिली कसोटी भूमध्य समुद्रावर घेतली. १९७५ मध्ये सोळा देशांनी बार्सेलोना येथे कृती-आराखडा संमत केला आणि १६ फेब्रुवारी १९७६ रोजी बार्सेलोना करार झाला. ग्रीस व तुर्कस्तान, इझ्राएल व अरब राष्ट्रे हे एरवी एकमेकांशी बोलण्यास नाखूश असलेले देश या निमित्ताने एका मेजाशी बसले. यामागे शास्त्रज्ञांच्या जाळ्याचा मोठा वाटा होता. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी सारख्याच पद्धतीने पाण्याची तपासणी केल्यामुळे प्रदूषण कोणाचे, या वादाला मोजमापाचा आधार मिळाला. तेलगळतीच्या प्रसंगी मदतीसाठी माल्टा येथे एक केंद्रही उघडण्यात आले.

खरी अडचण भूमीवरून येणाऱ्या प्रदूषणाची होती. ऱ्होन, पो व एब्रो या नद्या उत्तरेकडील औद्योगिक देशांतून समुद्राला मिळतात. दक्षिणेकडील नवस्वतंत्र देशांना वाटे की, उत्तरेने समुद्र आधी घाण करून घेतला आणि आता तो स्वच्छ ठेवण्याचा खर्च आपल्या होऊ घातलेल्या उद्योगांवर पडणार. बराच काळ वाटाघाटी होऊन मे १९८० मध्ये अथेन्स येथे पूरक करार झाला. अतिघातक पदार्थांची एक यादी व परवान्याने सोडता येतील अशा पदार्थांची दुसरी यादी त्यात दिली होती. नद्यांवाटे येणारे प्रदूषणही त्याच्या कक्षेत होते. पण त्याचे क्षेत्र नदीतील ‘गोड्या पाण्याच्या सीमे’पर्यंतच धरलेले होते. ओहोटीच्या वेळी, नदीला पाणी कमी असताना ज्या ठिकाणी खारेपणा जाणवू लागतो, ते ठिकाण म्हणजे ही सीमा. १९९६ मध्ये सिराक्यूज येथे या कराराची दुरुस्ती होऊन भूमध्य समुद्राला मिळणाऱ्या नद्यांचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र त्यात घेण्यात आले. ही दुरुस्ती २००८ मध्ये अंमलात आली. म्हणजे खाऱ्या पाण्याची रेघ ओलांडण्यास भूमध्य समुद्राकाठच्या देशांना अठ्ठावीस वर्षे लागली.

इतर समुद्र : बार्सेलोनाचा नमुना पुढे ठेवून अनेक करार झाले. कुवेत (१९७८), आबीजान व लिमा (१९८१), जिद्दा (१९८२), कार्टाहेना (१९८३), नैरोबी (१९८५), नूमेआ (१९८६) व काळ्या समुद्रासाठी बूखारेस्ट (१९९२) हे त्यांपैकी प्रमुख. कॅस्पियन समुद्राचा तेहरान करार २००३ मध्ये झाला. यांपैकी कुवेत करारात इराण, इराक, सौदी अरेबिया, ओमान आदी आठ राष्ट्रे आहेत. त्यातील दोघांचे युद्ध जुंपले असताना, १९८३ मध्ये इराणच्या नौरूझ क्षेत्रातील विहिरींतून तेल वाहू लागले, त्या वेळी कराराची यंत्रणा फारशी उपयोगी पडली नाही. १९९१ च्या आखाती युद्धातही तोच अनुभव आला.

अरबी समुद्राचा विचार करता त्याचे या करारांनी तुकडे केलेले दिसतात. ओमानचा किनारा कुवेत करारात, एडनचे आखात जिद्दा करारात व आफ्रिकेचा पूर्व किनारा नैरोबी करारात मोडतो. भारत व पाकिस्तान यांचा किनारा यांपैकी कोणत्याच बंधनकारक करारात नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी गोवा व कोकणच्या पुळणींवर डांबराच्या गोळ्या लागतात. तेलवाहू जहाजांच्या मार्गावरून वाऱ्या-प्रवाहांबरोबर येणाऱ्या या गोळ्यांना अर्थातच या सीमा ठाऊक नाहीत.

नदीच्या उगमाकडे : सागरी प्रदूषणाच्या शास्त्रीय बाजूंचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ञगटाने १९९० मध्ये दिलेला अंदाज असा की, समुद्रात जाणाऱ्या प्रदूषणापैकी सु. ४४ टक्के जमिनीवरून वाहून येते व ३३ टक्के हवेतून पडते. जहाज वाहतुकीचा वाटा १२ टक्केच आहे. ज्या अपघातांमुळे करार जन्माला आले, ते एकूण दुखण्याचा लहान भाग होते, असे यावरून स्पष्ट झाले.

ऱ्हाईन नदीने हे त्यापूर्वीच दाखविले होते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझविण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. तरीही १९९२ च्या ऑस्पार करारावर स्वित्झर्लंड व लक्झेंबर्ग या दोन भूवेष्टित देशांनी सह्या केल्या, कारण हे दोन्ही देश ऱ्हाईनच्या पाणलोटात येतात. समुद्रविषयक करारांच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्याच वर्षी नव्याने झालेल्या हेलसिंकी कराराने अंतर्गत जलभाग व बाल्टिकचे सारे पाणलोट क्षेत्र कक्षेत घेतले. बाल्टिकला सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या १३२ ठिकाणांची यादी करण्यात आली आणि सुधारणा होईल तसतशी त्यांतील नावे वगळण्याचे ठरले. वगळलेल्या नावांवरून प्रगती कोणालाही मोजता येऊ लागली.

सार्वत्रिक कायद्यातही हीच दिशा दिसते. १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराने (भारताची मान्यता १९९५) प्रादेशिक सहकार्य व भूमीवरील उगमांचे नियंत्रण ही राष्ट्रांची कर्तव्ये मानली. नोव्हेंबर १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे १०८ सरकारांनी भूमीवरील व्यवहारांपासून समुद्र वाचविण्याचा जागतिक कार्यक्रम स्वीकारला; परंतु तो बंधनकारक नव्हता.

दक्षिण आशियाई समुद्र : दक्षिण आशियातील राष्ट्रांची सहकारी पर्यावरण संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली, तिचे कार्यालय कोलंबो येथे आहे. अफगाणिस्तान, नेपाळ व भूतान हे भूवेष्टित देशही तिचे सभासद आहेत. दक्षिण आशियाई समुद्रांचा कृती-आराखडा मात्र मार्च १९९५ मध्ये नवी दिल्ली येथे बांगला देश, भारत, मालदीव, पाकिस्तान व श्रीलंका या पाच किनारी देशांनीच स्वीकारला. किनारी क्षेत्राचे एकात्म व्यवस्थापन, तेल व रसायनांच्या गळतीविरुद्ध पूर्वतयारी, माणसांचे प्रशिक्षण आणि भूमीवरील व्यवहारांचे परिणाम, असे त्याचे चार विषय आहेत. त्याला बंधनकारक कराराची जोड मिळालेली नाही. पश्चिम यूरोपात समुद्र नसलेला स्वित्झर्लंड करारात आला. येथे गंगेच्या पाण्यात मोठा वाटा असलेला नेपाळ संस्थेत असूनही समुद्राच्या आराखड्याबाहेर राहिला.

आराखड्यातील तेलगळतीचा भाग त्यातल्या त्यात पुढे सरकला. मुंबई परिसराला त्याची निकड ठाऊक होती. मे १९९३ मध्ये बॉम्बे हाय–उरण तेलवाहिनी फुटली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल उरण व अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत पसरले. २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाजाला आग लागून प्लॅस्टिकचे कण श्रीलंकेच्या किनाऱ्यावर थरांनी साचले. तेल व रसायनांच्या प्रदूषणप्रसंगी सहकार्य करण्याच्या प्रादेशिक सामंजस्य कराराला भारत सरकारने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली आणि तटरक्षक दलाकडे त्याची जबाबदारी सोपविली. भूमीवरून येणाऱ्या प्रदूषणासाठी असा कोणताही करार झालेला नाही. जहाज परक्याचे असते, नदी आपली असते. सहकार्याची भाषा पहिल्या बाबतीत सोपी पडते, हे त्याचे कारण असावे.

कर्जत–खालापूर परिसर : समुद्राची हद्द कोठे संपते, या प्रश्नाचे व्यावहारिक रूप येथे पाहावयास मिळते. कर्जत व खालापूर या तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. डोंगरउतारांवर ठाकूर आदिवासींच्या वस्त्या आहेत. त्यांना ठाकूरवाडी म्हणतात व या नावाच्या अनेक वाड्या दोन्ही तालुक्यांत आढळतात. बोरघाटाच्या लोहमार्गावर कर्जत व मंकी हिल यांच्या दरम्यान याच नावाचे एक स्थानकही आहे. या उतारांवरील ओढे कर्जतच्या बाजूला उल्हास नदीला व खोपोलीच्या बाजूला पाताळगंगेला मिळतात. उल्हास नदी बदलापूर, कल्याणवरून वसईच्या खाडीत जाते. पाताळगंगा रसायनी, आपटा, खारपाडा या मार्गाने धरमतरच्या खाडीला व तिच्यावाटे मुंबई बंदराला मिळते. डोंगरातील वाडी व समुद्र यांत एवढेच अंतर आहे.

या नद्यांचे पाणीही सर्वस्वी त्यांचे नाही. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रांसाठी घाटमाथ्यावर धरणे बांधून पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेस वळविण्यात आले. बंगालच्या उपसागराला जावयाचे पाणी वीज निर्माण करून खोपोलीस पाताळगंगेत व भिवपुरीस उल्हास नदीत उतरते आणि अरबी समुद्राला जाते. त्यामुळे पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी राहते. बारमाही पाणी, रेल्वे व मुंबईचे सान्निध्य यांमुळे खोपोली–रसायनी पट्ट्यात कागद, पोलाद व रसायने यांचे कारखाने आले. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली व तिच्यामुळे ‘रसायनी’ हे नावच रूढ झाले. तेथील कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. वळविलेल्या पाण्याचे प्रमाण किती असावे, हा प्रश्न कृष्णा पाणीतंटा लवादापुढे आला. ते पाणी समुद्राला कोणत्या अवस्थेत मिळावे, हे मात्र कोणत्याही आंतरराज्य किंवा आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आले नाही.

महाराष्ट्र या बाबतीत मागे होता असे नव्हे. राज्याने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला व १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. या केंद्रीय कायद्यात ‘प्रवाह’ या संज्ञेची व्याख्या मोठी मार्मिक आहे : नदी, ओढा, भूमिगत पाणी यांबरोबरच राज्य सरकार ठरवील तेथपर्यंतचे समुद्राचे व भरतीचे पाणी हेही तीत येते. नदी व समुद्र ही एकच वस्तू आहे, असे भारतीय कायद्याने अथेन्स कराराच्या सहा वर्षे आधी शब्दांत मांडले होते. पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालील मानकांनी मात्र पुन्हा त्यांची फारकत केली. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यातील जैव ऑक्सिजन मागणीची मर्यादा लिटरला ३० मिग्रॅ., तर किनारी समुद्रात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ती १०० मिग्रॅ. आहे. कोकणातील रासायनिक वसाहतींचे सांडपाणी नळांनी थेट खाडीत नेण्यामागे हे एक कारण होय.

किनाऱ्याचे संरक्षण त्याआधीच वेगळ्या वाटेने सुरू झाले होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने त्याला कायद्याचे रूप आले. खाड्या व नद्यांच्या काठीही भरतीचे पाणी पोहोचते तेथपर्यंत हे नियम लागू होतात. ही मर्यादा ठरविण्यासाठी २०११ च्या अधिसूचनेने हजार भागांत पाच भाग क्षार ही कसोटी दिली. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात जेथे पाणी एवढे खारट असते, तेथे किनारा संपला. २०११ मध्ये खाडीकाठचा संरक्षित पट्टा १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांपैकी जो कमी असेल तो, असा होता. २०१९ मध्ये शंभराचे पन्नास मीटर झाले.

डोंगराच्या बाजूने दुसरे संरक्षण आले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व त्याच्या भोवतालचा प्रदेश संवेदनक्षम क्षेत्र म्हणून घोषित झाला. कर्जत, खालापूर व पनवेल तालुक्यांचे काही भाग त्यात येतात. म्हणजे वर डोंगर राखलेला व खाली खाडी राखलेली. मधला कारखान्यांचा व शहरांचा पट्टा, जेथे पाण्याची नासाडी प्रत्यक्ष घडते, तो या दोहोंच्या बाहेर. या मधल्या भागासाठी राज्य सरकारने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण आखले होते. नदीच्या वर्गवारीनुसार उद्योगांनी पात्रापासून किती दूर असावे, हे त्यात ठरविलेले होते. किनारी नियमांचे हे अंतर्गत भावंडच म्हणावयाचे. २०१५ मध्ये हे धोरण रद्द करण्यात आले. त्याच वर्षी उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दंड ठोठावला. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने महाराष्ट्रातील ५३ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. तीत उल्हास, पाताळगंगा, आंबा व कुंडलिका या चारही नद्या आहेत.

याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. पहिल्या पावसात नदीतून ओढ्यांत व भाताच्या खाचरांत चढणारे मासे धरण्याची, म्हणजे वलगणीची, रीत कर्जत–खालापूरच्या वाड्यांत जुनी आहे. खाली पेण व उरणच्या बाजूस आगरी शेतकरी बांध घालून व उघाड्या बसवून खारजमिनीत भात पिकवीत आले, कोळी खाडीत जाळी लावीत आले. या भागात सर्वांत नावाजलेला मासा जिताडा. तो समुद्रालगतच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. त्याची पिले भरतीबरोबर खाडीत, खाचरांत व नदीच्या गोड्या पाण्यात शिरून वाढतात आणि मोठी झाल्यावर खाली परततात. त्याच्या एका आयुष्यात अधिसूचनेतील पाच भाग क्षारांची रेघ दोनदा ओलांडली जाते. नदी घाण झाली, तर त्याला राखलेली खाडी पुरत नाही. कोळ्याचे नुकसान खाडीत दिसते, पण त्याची दाद मागावयाची जागा खाडीकाठी नसते. आदिवासी वाडीला डोंगरावरील निर्बंध पाळावे लागतात. खालच्या पट्ट्यात त्याच पाण्याचे काय होते, यावर तिचा अधिकार चालत नाही.

दक्षिण आशियाच्या प्रादेशिक व्यवस्थेत नद्यांना स्थान मिळाले ते प्लॅस्टिकच्या निमित्ताने. कोलंबोच्या संस्थेमार्फत २०२० मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने नद्या व समुद्र प्लॅस्टिकमुक्त करण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. त्यात नेपाळ, भूतान व अफगाणिस्तान यांच्यासह आठही सभासद देश आहेत. प्रकल्पाला मुदत असते व त्यात सहभागी होणे ऐच्छिक असते. कारखान्यांचे सांडपाणी व शहरांचा मैला त्याच्या कक्षेत येत नाही.